त्रेचाळीस अँपिअर

"हल्ली हे मीटर कुणासाठी बनवतात कोण जाणे! मुंग्यांना वाचता यावेत म्हणून बनवत असतील!"

काकांचं हे पुटपुटणं काकूंसाठी नव्हतं. पण काकू त्याच बाकावर, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ बसून एका पंख्याची जाळी पुसत होत्या. त्यामुळे ते त्यांना शब्दन्शब्द ऐकू आलं आणि हातातलं फडकं जाळीवरच थांबलं.

"काही म्हणालात?"

"मी? छे! मीटर छान आहे म्हटलं."

गल्लीत त्यांना सगळे ओहमकाका म्हणत. खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान. बंद पडलेल्या इस्त्र्या, रुसलेले मिक्सर, खोकणारे पंखे आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरसारखे काका! "जगात दोनच गोष्टी खऱ्या," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. "व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स आणि करंटने गुणलं की पॉवर. बाकी सगळ्या अफवा!" आणि हे नुसतं यंत्रांपुरतं नाही. मेव्हणा उसने नेलेले कपडे परत करत नाही, तर त्याचा रेझिस्टन्स जास्त. सूनबाई सकाळी गप्प असल्या, तर व्होल्टेज कमी, चहा द्या.

असा हा माणूस. आणि त्याला आता पॉइंट दिसत नव्हता.

मीटर नाकाशी धरला तर आकडे दिसत होते. काळे, जाडजूड, रांगेत उभे राहिलेल्या हवालदारांसारखे आकडे त्यांना अजून ओळखू यायचे. पण दोन आकड्यांच्या मध्ये पायाशी अंग चोरून बसलेला तो पॉइंट त्यांच्यापुरता मेला होता. आता भाजीवाल्याला पॉइंट दिसला नाही तर फार काही बिघडत नाही. पण विजेच्या कामात पॉइंट गेला की चाराचे चाळीस होतात. करंट दहा पट, पॉवर दहा पट आणि रेझिस्टन्स उलटा दहा पट कमी. एवढ्याशा ठिपक्यासाठी अख्खं घर पेटू शकतं!

मध्यंतरी काका एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. आल्यावर चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "डॉक्टर स्वभावाने चांगला आहे." यापलीकडे एक शब्द नाही. काकूंनीही विचारलं नाही. विचारायची त्यांची छाती झाली नाही. कारण कोपऱ्यावरच्या घड्याळजींचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या मुलाने भर गिऱ्हाइकांत सांगितलं, "बाबा, तुमचे हात थरथरतात, आता बस करा." घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला, बाहेर खुर्ची टाकून बसले, ते अजून बसलेलेच होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखही देत नसत. काकांचं दुकान गेलं तर काकाही असेच जातील, हे काकूंना लख्ख दिसत होतं. म्हणून त्या घरात ते एक वाक्य सोडून बाकी सगळं बोललं जायचं.

त्यावर काकूंनी एक युक्ती काढली होती, आणि त्या युक्तीचा त्यांना फार अभिमान होता. एके दिवशी बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला शिकवा ना तुमचं ते भागाकाराचं!"

"या वयात?" काका म्हणाले, पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं.

तेव्हापासून काकू विद्यार्थिनी! काकांनी मीटर लावायचा, काकूंनी आकडा मोठ्याने वाचायचा. "चार पॉइंट तीन!" मग काका गर्जायचे, "आता भाग! कशाने कशाला भागायचं?" काकू मुद्दाम चुकायच्या. "करंटला व्होल्टेजने?" काका कपाळावर हात मारायचे. "डोक्यात काय भरलंय गं तुझ्या? कापूस?" काकू खाली मान घालून नवऱ्याचे टोमणे खायच्या. खरं सांगायचं तर काकूंना आता दोनशे तीसला कशानेही भागता येत होतं. दूध तापवताना, केस विंचरताना, झोपेतसुद्धा त्या भागत असत!

आणि सूनबाई? सूनबाईंची युक्ती वेगळी. मुलगा परगावी नोकरीला, म्हणून त्या सासऱ्यांना मदत करायला नुकत्याच दुकानात बसू लागल्या होत्या. त्यांची बोटं बारीक, म्हणून अभ्रकाच्या पट्टीवर तार गुंडाळून कॉइल करायचं काम त्यांच्याकडे. किती रेझिस्टन्सची कॉइल, ते भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं. पाटीवर अक्षर सासूबाईंचं असेल तर आकडा बरोबर आणि सासऱ्यांचं असेल तर एक शून्य वाढवायचं, म्हणजे दहापट धरायचं, हा नियम त्यांनी गुपचूप लावला होता आणि तो आजवर चुकला नव्हता.

ही गोष्ट सासूला सुनेची आणि सुनेला सासूची ठाऊक नव्हती. कारण एकमेकींना सांगायचं म्हणजे ते वाक्य तोंडातून काढावं लागलं असतं.

त्या दिवशी सकाळी समोरची इस्त्रीवाली दोन्ही हातांत दोन इस्त्र्या घेऊन आली. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणी. एक चालू, एक मेलेली.

"काका, बँडवाल्यांचे सगळे गणवेश माझ्याकडे पडलेत! एका इस्त्रीने माझे हात तुटतील. आज ही जिवंत करा!"

"जिवंत? अगं, चालत पाठवतो तिला!" काका म्हणाले. "चांगलीचा करंट मोजायचा, त्यावरून रेझिस्टन्स काढायचा, तेवढीच कॉइल मेलेलीत घालायची. डोळे मिटून होणारं काम!"

डोळे मिटून! काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि बाकावर बसायला निघाल्या. तेवढ्यात आतून दुधाचा वास आला. उतू! काकू आत धावल्या. गॅस बंद केला, फडकं टाकलं आणि धापा टाकत परत आल्या तर काकांनी चिमट्याचा मीटर तारेला लावून आकडा वाचूनही टाकला होता.

"त्रेचाळीस!" काका हर्षाने ओरडले. "त्रेचाळीस अँपिअर!"

काकूंनी मान लांब करून पाहिलं. चार पॉइंट तीन. पॉइंट तिथेच होता, बिचारा.

"अहो, पण इस्त्रीवर तर हजार वॅट छापलंय..." काकू चाचरत म्हणाल्या.

"आणि गुणाकार केला तर येतात जवळजवळ दहा हजार! याला म्हणतात दानत! कंपनी एक छापते आणि दहा देते! अशी माणसं राहिली आहेत का आता?"

"एवढ्या करंटने तार वितळत कशी नाही?"

"दर्जा!" काका म्हणाले.

मग त्यांनी दोनशे तीसला त्रेचाळीसने तोंडी भागलं. भागाकार अचूक. तोंडी भागाकारात काकांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता, तेच तर दुखणं होतं! पाटीवर खडूने त्यांनी भलंमोठं लिहिलं: ५.३. स्वतः काढलेला पॉइंट मात्र बोराएवढा. मग काहीतरी आठवून ते थबकले. "आणि आपला दुकानाचा फ्यूज? त्यात केसाएवढी तार! तो त्रेचाळीस अँपिअर कसा सोसतोय? नशीब आपलं, अजून जिवंत आहोत!" असं म्हणून त्यांनी मेन स्विच पाडला, हातांनी चाचपत फ्यूजमध्ये चांगली जाडजूड तार बांधली आणि हात झटकले. "आता निश्चिंत!"

काकू मात्र अजिबात निश्चिंत नव्हत्या. फ्यूजचं संध्याकाळी बघू, आधी कॉइल, असं त्यांनी ठरवलं. काका इस्त्रीवालीला दर्जाबद्दल सांगत दारापर्यंत गेले, तेवढ्यात काकूंनी बोट ओलं केलं आणि पाटीवरचं ते बोर अलगद पुसलं. ५३. बरोब्बर! काकूंना स्वतःचा इतका अभिमान वाटला की त्यांनी उरलेल्या दुधाचा चहा केला.

चहा उकळत होता तेव्हा सूनबाई कामाला बसल्या. पाटीवर पाहिलं. अक्षर सासऱ्यांचं. नियम म्हणजे नियम. शून्य वाढवलं. पाचशे तीस! एवढी तार पट्टीवर मावेना, म्हणून त्यांनी केसासारखी बारीक तार काढली आणि मान मोडेपर्यंत गुंडाळत बसल्या.

दुपार व्हायच्या आत इस्त्री समोरच्या दुकानात पोचली. आणि पाठोपाठ इस्त्रीवाली परत आली.

"काका, ही तापत नाही हो!"

"असं होणारच नाही."

"मी हात ठेवला, गाल ठेवला! काका, माझं मांजर तिला टेकून झोपलंय! उठायला तयार नाही!"

काकूंनी पदराला हात पुसत पाटीकडे पाहिलं. सूनबाईंच्या हातातली पक्कड खाली पडली. काका मात्र शांत. त्यांनी इस्त्री लावली, चिमटा लावला आणि काकू पुढे सरसावायच्या आत स्वतःच वाचलं.

मीटरवर होतं शून्य पॉइंट चार तीन.

"त्रेचाळीस!" काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! त्या इस्त्रीचे त्रेचाळीस, हिचेही त्रेचाळीस! एका आईची लेकरं! करंट तोच, व्होल्टेज तेच, म्हणजे पॉवरही तीच. मग एक तापते आणि दुसरी तापत नाही, याचा अर्थ काय?"

काकांनी चिमटा तारेवरून सोडवला.

"अर्थ एवढाच की, बाई, तुझ्या वापरण्यात चूक आहे!"

इस्त्रीवाली ही काही ऐकून घेणारी बाई नव्हती. एकदा बटण तुटल्याचं सांगायला आलेल्या माणसाला तिने त्याच्याच शर्टात गुंडाळून पाठवलं होतं, असं लोक म्हणत. तिने तोंड उघडलं. मग तिची नजर मीटरवर गेली. मग काकांच्या कपाळावरच्या चष्म्यावर. मग काकूंच्या चेहऱ्यावर. तिने तोंड मिटलं.

"हो काका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मीच चुकीची धरत असेन. उलटी."

काकूंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण, पाटी, मीटर, मांजर सगळ्यांनी एकदम आत जावं! आता गल्लीलाही कळलंय आणि गल्लीही बोलत नाही. सांभाळून घेणाऱ्यांची रांगच लागली होती.

"पण तू माझं गिऱ्हाईक," काका उदार होऊन म्हणाले. "तुझ्या समाधानासाठी पुन्हा कॉइल करू. पाटीवर आकडा आहेच."

आता काकूंचं डोकं चालू लागलं, आणि संकटात चालणारं डोकं हे बंद डोक्यापेक्षा वाईट. त्या मनात म्हणाल्या: माझ्या त्रेपन्नाने इस्त्री थंड पडली. म्हणजे मीच चुकले! सगळं आयुष्य या कामात घालवलेला माणूस तो, आणि मी दूध उतू घालवणारी, खोटी विद्यार्थिनी. त्यांचाच आकडा बरोबर असणार. आणि हे मनात येताच त्यांना असा काही आनंद झाला! त्यांचं बरोबर होतं! म्हणजे त्यांना दिसतंय! आपल्यालाच उगीच वाटत होतं! काकूंनी खडू घेतला आणि पुसलेलं बोर होतं तिथे परत बसवलं. ५.३.

इकडे सूनबाई मनात म्हणत होत्या: माझ्या शून्याने घात केला. सासऱ्यांवर शंका घेतली, त्याची ही शिक्षा. मघाशी हा पॉइंट आपल्या नजरेतून सुटला असेल, पण आता पाटीवर असेल तेच, तसंच.

तसंच केलं. जाड तार घेतली आणि मोजून पाहिलं तर काही वेढ्यांतच काम संपलं. एवढीशी कॉइल! अंगठ्याएवढी! सूनबाईंनी ती तळहातावर घेतली आणि सासूकडे पाहिलं. सासूने कॉइलकडे पाहिलं.

"आई, ही... जरा लहान नाही वाटत?"

"मलाही तसंच..." काकू म्हणाल्या. "पण हल्ली सगळंच लहान निघतं, नाही का?"

"हो ना. मोबाइलसुद्धा."

मोबाइल उलट मोठे होत चालले होते. पण तेही कुणी बोललं नाही.

काका स्वतः चाचणी घेणार म्हणून बाह्या सरसावून उभे राहिले. काकूंनी त्यांना जवळजवळ ढकललंच. "मी लावते! शिकायचंय ना मला? तुम्ही लांबून परीक्षा घ्या." इस्त्रीवाली बाकाच्या कडेला, सूनबाई मेन स्विचपाशी, काका मध्ये हात पाठीमागे बांधून.

"घाल बटण!" काका म्हणाले. "आणि वाच!"

काकूंनी बटण घातलं. मीटरकडे पाहिलं. आणि जे पाहिलं ते त्यांना आधी खरंच वाटेना.

"त्रेचाळीस!" त्या किंचाळल्या. "अहो, त्रेचाळीस! पॉइंटबिंट काही नाही, खरोखरचे त्रेचाळीस!"

"मग! मी काय म्हणत होतो सकाळपासून!"

काकांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशी फुलला होता त्याहून जास्त आनंद फुलला, अशी काकूंनी मनात नोंद केली. तो आनंद फार टिकला नाही. इस्त्रीच्या पोटात एक पांढराशुभ्र सूर्य उगवला. फट्ट! अभ्रकाचे तुकडे टकाटक भिंतीवर आपटले. धुराचा लोट उठला. दुकानाच्या जाडजूड फ्यूजने हूं की चूं केलं नाही. तो त्रेचाळीससाठीच बांधलेला! भार सगळा पुढे गेला आणि बाहेर खांबावर असा बार झाला की झाडावरचे कावळे दुसऱ्या गल्लीत राहायला गेले. पंखे थांबले. दूधवाल्याचा फ्रीज थांबला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडचं मशीन एका डोक्याच्या मध्यावर थांबलं!

सूनबाईंनी झटकन मेन स्विच पाडला. काकूंनी इस्त्रीची वायर ओढली. कुणाला काही लागलं नव्हतं. इस्त्रीला सोडून. तिचा तळ वितळून वाकला होता आणि ती आता कायमची हसत होती.

गल्ली गोळा व्हायला वेळ लागला नाही. न्हावी आला, त्याच्यामागून अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक आलं. खांबावर चढायला आलेला लाइनमनही सायकल टाकून आत आला. "काय झालं? कुणी केलं?"

"माझी चूक!" सूनबाई पटकन म्हणाल्या. "तार खराब निघाली."

"तार कसली? मीच आकडा चुकीचा वाचला," काकू म्हणाल्या. "मठ्ठ आहे मी. विचारा यांना."

"तसं नाही हो, मुळात माझी इस्त्रीच फार वाईट होती," इस्त्रीवाली म्हणाली.

लाइनमनने एकेका तोंडाकडे पाहिलं. मग कपाळावर चष्मा चढवून उभ्या असलेल्या, भलत्याच खिडकीकडे तोंड करून हसणाऱ्या काकांकडे पाहिलं. तोही याच गल्लीत लहानाचा मोठा झाला होता. घसा खाकरून म्हणाला, "खांबावरचा फ्यूज जुना होता. आम्हीच बदलायला हवा होता."

न्हाव्याला काही सुचेना. "माझं मशीन... तेही जरा जोरात चालत होतं," तो म्हणाला.

धूर बाहेर काढायला काकू मागची खिडकी उघडायला गेल्या. त्या नेहमी बसायच्या त्या बाकापाशी आता इस्त्रीवाली उभी होती. तिला तिची वाकलेली इस्त्री दिसत होती, न केलेले गणवेश दिसत होते आणि ती आवाज न करता रडत होती. एकदाच नाक ओढलं, तेवढंच.

काकांनी हात पुढे केला, चाचपत तिचं मनगट धरलं आणि हलकेच थोपटलं.

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी?" ते म्हणाले. त्यांचा तो आवाज काकूंनीही फार वर्षांत ऐकला नव्हता. "तू नीटच वाचलंस की! कापूसबिपूस म्हणतो ते मनावर घेऊ नकोस. तुझ्याइतकं कुणी शिकलं नाही माझ्याकडे. म्हातारा झालो तरी तुला जवळ बसवून शिकवता येतंय, आणखी काय पाहिजे मला?"



इस्त्रीवालीने मनगट सोडवून घेतलं नाही. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "मी इस्त्रीवाली."

काकांचा हात तसाच राहिला.

"अहो, दिवे गेलेत ना!" खिडकीपासून काकू जोरात म्हणाल्या. फारच जोरात. "किती अंधार झालाय इथे! मला तरी कुठे काय दिसतंय? कोण कुठे उभं आहे, कळायला मार्ग नाही!"

"हो हो, अंधारच आहे," सूनबाई म्हणाल्या.

"फारच अंधार," दारातला न्हावी म्हणाला. भर दुपारच्या उन्हाने त्याला डोळे किलकिले करावे लागत होते.

"वीज नसली की असंच होतं," लाइनमनने पुस्ती जोडली.

काकांनी मनगट सोडलं. त्यांचा तळहात बाकाच्या फळीवरून सरकत सरकत दाराच्या बाजूला गेला आणि एका जागी थांबला. तिथे उन्हाचा चांगला रुंद पट्टा पडला होता. त्यांनी हात पालथा केला, परत उताणा केला. जणू ते हाताने काहीतरी मोजत होते.

"ऊन आहे," ते म्हणाले. "चटका बसतोय."

मग आवाजाच्या रोखाने, खिडकीकडे, या वेळी बरोबर खिडकीकडे, त्यांनी तोंड वळवलं.

"अंधार नाहीये गं. मला दिसत नाही."